राघोजींच्या आईचं नाव काय? : लढ्याच्या काळातल्या, नोंदीतून सुटलेल्या बायकांविषयी

9 ऑगस्ट जवळ आला की आमच्या अकोले तालुक्यातल्या शाळांमध्ये दुहेरी धांदल असते. एक तर क्रांतिदिन, आणि त्याच तारखेला आदिवासी दिन. फलकलेखन, भाषणं, प्रभातफेरी असं सगळं चालू असतं. गेल्या वर्षी आम्ही नववीच्या वर्गाला आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे यांच्यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. मुलांनी छान लिहिलं. कारण राघोजी आपल्याच तालुक्यातल्या देवगावचे, पुस्तकात शोधायची गरजच नाही. वडिलांचं नाव रामजी, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मग एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, इंग्रजांनी त्यांच्या आईचे हाल केले असं सगळ्यांनी लिहिलंय. तिचं नाव का नाही लिहिलं कुणी?"

आम्ही गप्प झालो. वीस वर्षं शिकवतोय, पण फळ्यावर आम्हीही "राघोजींची आई" एवढंच लिहीत आलो होतो.

घरी आल्यावर आमच्या दादाजींच्या वेळचा शजरा काढून बघितला. सात पिढ्यांची नावं, सुंदर नस्तालीक अक्षरात. त्यात एकही बाई नाही. जणू सात पिढ्या पुरुषांनी पुरुषांनाच जन्म दिला! त्या दिवसापासून आम्ही जरा वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात केली, आणि जे हाती आलं ते इथे मांडत आहोत. शिक्षकांना, पालकांना आणि मुलांना उपयोगी पडावं म्हणून तारखा-वर्षांसह.

देवगावची ती माउली

राघोजी भांगरे यांचा जन्म 1805 चा, महादेव कोळी समाजात. सह्याद्रीच्या या पट्ट्यातले कोळी पूर्वी किल्ल्यांची आणि घाटवाटांची राखण करायचे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्यांचे हक्क आणि वतनं काढून घेतली. त्यात सावकारांनी जमिनी गिळायला सुरुवात केली. राघोजी आधी सरकारी नोकरीत होते, मग अन्याय सहन न होऊन बंडात उतरले. 1844-45 च्या सुमारास नगर, नाशिक, ठाणे, पुणे या भागात त्यांचं नाव ऐकलं तरी सावकार गाव सोडून पळत. शेवटी 1848 च्या जानेवारीत पंढरपुरात ते पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

आता या कथेत आई कुठे येते? राघोजी सापडत नाहीत म्हणून पोलिसांनी त्यांच्या आईला धरलं, तिचा छळ केला, आणि त्यामुळे राघोजींचा संताप आणखी भडकला, असं तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि लिहिलंही जातं. म्हणजे बंडाच्या कारणांत तिचा वाटा आहे. पण कथेत ती फक्त मार खाण्यापुरती येते. तिने मुलाचा ठावठिकाणा सांगितला नाही, ही तिची स्वतःची कामगिरी आहे. तिच्याकडे ना बंदूक होती, ना डोंगरात लपायची सोय. मुलगा जंगलात होता आणि ती पोलिसांच्या हातात. दोघांपैकी जास्त धैर्य कुणाला लागलं असेल, हा प्रश्न आम्ही मुलांसमोर ठेवला तेव्हा वर्गात बराच वेळ चर्चा चालली.

आणखी एक गोष्ट. रतनगड-कळसूबाईच्या त्या डोंगरात पावसाळ्यात काय अवस्था असते ते अकोलेकरांना सांगायला नको. अशा ठिकाणी माणसं वर्षानुवर्षं बंड करून राहिली, तर त्यांच्यापर्यंत भाकरी, मीठ आणि पोलीस आल्याची खबर कुणीतरी पोचवत असणारच. लाकूडफाट्याला, गुरांमागे डोंगरात कोण जातं? आपल्याकडे आजही बहुतेक वेळा बायाच जातात. खटल्याच्या कागदांत मात्र हत्यार घेतलेल्यांचीच नावं लागतात. भाकरी पोचवणारीचं नाव लागत नाही.

नगरचा किल्ला : आई आणि लेक

आता तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ. अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ला म्हटलं की चांदबीबी आठवते. ती हुसेन निजामशाह (पहिला) यांची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशाहची बेगम. 1580 मध्ये नवरा गेल्यावर तिने विजापुरात लहान इब्राहीम आदिलशाहच्या वतीने कारभार बघितला. पुढे माहेरी नगरला आली आणि 1595 च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मुघल फौजेने किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा बचावाची सूत्रं तिने हातात घेतली. सुरुंगाने तट फुटला त्या दिवशी ती चेहऱ्यावर नकाब आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला, अशी हकीकत इतिहासकार फरिश्ताच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे. मुघलांना वऱ्हाड देऊन तह झाला, किल्ला वाचला.

चार वर्षांनी पुन्हा वेढा पडला. या वेळी तिचा कल वाटाघाटीकडे होता. "बाई शत्रूला फितूर झाली" अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारलं. 1600 च्या ऑगस्टमध्ये किल्ला पडलाच. ज्यांनी तिला गद्दार म्हटलं त्यांना तो चार दिवसही टिकवता आला नाही असं म्हणायला हरकत नाही.

आता गंमत बघा. नगरला गेलेले पाहुणे आवर्जून "चांदबीबीचा महाल" बघायला जातात. डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत मुळात चांदबीबीची नाहीच. ती निजामशाहीचा वजीर सलाबत खान याची कबर आहे. म्हणजे ज्या बाईचं नाव सगळ्यांना ठाऊक, तिची आठवण आपण दुसऱ्याच्या कबरीवर काढतो.

आणि जिचं नाव कुणालाच ठाऊक नाही ती तिची आई, खुंजा हुमायूं. 1565 मध्ये हुसेन निजामशाह वारल्यावर मुलगा मुर्तजा याच्या वतीने तिने काही वर्षं राज्य चालवलं. पुढे मुलानेच तिला कैदेत टाकलं. 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं एक फारसी चित्रमय हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात ही बेगम सुलतानाशेजारी बसलेली दाखवली होती. 'होती' म्हणायचं कारण असं की चित्रांमधली तिची आकृती नंतर रंग फासून पुसून टाकलेली आहे. बायकांना इतिहासातून पुसलं असं आपण बोलायच्या ओघात म्हणतो, इथे ते खरोखर ब्रश घेऊन केलेलं आहे. चांदबीबीला तलवार कुठून मिळाली विचारलं तर आम्ही आता तिच्या आईचं नाव आधी सांगतो.

त्याच किल्ल्यातले मौलाना, आणि कलकत्त्यातल्या जुलेखा बेगम

याच किल्ल्याने साडेतीनशे वर्षांनी दुसरी एक बाई बघितली नाही, पण तिच्या मौतीची खबर ऐकली.

9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा मौलाना अबुल कलाम आझाद होते. मौलाना, पंडित नेहरू, सरदार पटेल, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव वगैरे मंडळींना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी 1944 मध्ये इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मौलानांनी इथेच 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली. चहा, चिमण्या, संगीत, इतिहास अशा विषयांवरची ही पत्रं म्हणजे उर्दू गद्याचा खजिना आहे. त्यातलं एक पत्र 11 एप्रिल 1943 चं आहे. ते बेगमच्या इंतकालनंतर दोन दिवसांनी लिहिलेलं.

जुलेखा बेगम यांचं लग्न मौलानांशी अगदी लहान वयात झालं. 36 वर्षांचा संसार, पण त्यातली कितीतरी वर्षं नवरा तुरुंगात किंवा नजरकैदेत. एक मुलगा झाला, तोही लहानपणीच गेला. मौलानांनीच लिहून ठेवलंय की 1916 मध्ये पहिल्यांदा सरकारी कारवाई झाली तेव्हा बेगम स्वतःला आवरू शकल्या नाहीत, आणि त्याबद्दल ते बरेच दिवस त्यांच्यावर नाराज होते. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी तसं दिसू दिलं नाही. आम्ही ही ओळ वाचली तेव्हा थोडं थांबलो. घरातल्या बाईने रडायचं नाही, हा लढ्याचा एक नियमच होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळावा सगळ्यांना लागला.

1922 च्या फेब्रुवारीत मौलानांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. कोर्टातलं त्यांचं निवेदन 'कौल-ए-फैसल' नावाने पुस्तकरूपात आलं, ते आजही वाचलं जातं. त्याच वेळी जुलेखा बेगमनी गांधीजींना एक संदेश पाठवला. त्याचा आशय असा, की आमची तयारी होती त्या मानाने ही शिक्षा फारच कमी आहे, आणि बंगालच्या खिलाफत समितीचं जे काम ते बघत होते ते यापुढे मी सांभाळीन. पडद्यातल्या, तब्येतीने नाजूक बाईचे हे शब्द आहेत. मौलानांचं निवेदन अभ्यासक्रमात लागतं. हा संदेश किती जणांनी वाचला आहे?

1942 पर्यंत त्या क्षयाने पोखरल्या होत्या. हवापालटाला रांचीला गेल्या, परत आल्या. 3 ऑगस्टला मौलाना मुंबईला निघाले तेव्हा दारापर्यंत पोचवायला आल्या आणि 'खुदा हाफिज' एवढंच म्हणाल्या. पुढे किल्ल्यात त्यांच्या आजाराच्या बातम्या येत राहिल्या. तुरुंगाच्या अधीक्षकांनी सुचवलं की सरकारकडे काही म्हणणं मांडायचं असेल तर पोचवतो. मौलानांनी नाही सांगितलं. सरकारकडे सवलत मागायची नाही, हा त्यांचा बाणा होता. 9 एप्रिल 1943 रोजी कलकत्त्यात बेगम वारल्या. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. रोज दिसणारी ती कबर त्या दिवसानंतर वेगळीच वाटायला लागली, असं मौलाना लिहितात. 1945 मध्ये सुटून कलकत्त्याला गेल्यावर गळ्यात पडलेल्या हारांपैकी एक हार त्यांनी बेगमच्या कबरीवर ठेवला आणि फातिहा पढला.

मौलानांच्या निर्णयावर बोट ठेवायची आमची लायकी नाही. स्वाभिमान काय असतो ते त्यांच्याकडूनच शिकलो. पण एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. त्या निर्णयाची किंमत दोघांनी दिली. एकाची किंमत त्याच्याच लेखणीने अमर झाली. दुसरीची त्या लेखणीतून जेवढी झिरपली तेवढीच आपल्याला कळते. शेवटच्या दिवसांत जुलेखा बेगमना काय वाटत होतं, त्यांना नवरा उशाशी हवा होता की त्याने झुकू नये हेच हवं होतं, हे त्यांच्या तोंडून आपण ऐकलेलं नाही.

'इन्किलाब जिंदाबाद' आणि त्यामागचं घर

मोर्चा कुठलाही असो, 'इन्किलाब जिंदाबाद' ऐकू येतंच. ही घोषणा दिली मौलाना हसरत मोहानी यांनी. त्यांच्या पत्नी निशातुन्निसा बेगम. 1908 मध्ये 'उर्दू-ए-मुअल्ला'मधल्या लेखासाठी हसरतना अटक झाली तेव्हा घरात तान्ही मुलगी आजारी होती. तरी बेगमनी तुरुंगात कळवलं की घरची काळजी करू नका, हिमतीने सोसा. दंडाच्या वसुलीत हसरतचा ग्रंथसंग्रह कवडीमोलाने विकला गेला. पुढच्या अटकांमध्ये बेगमनी पत्रव्यवहार, स्वदेशी मालाचं दुकान, वकिलांच्या गाठीभेटी असं सगळं सांभाळलं, पडदा सोडला, 1917 मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलेल्या महिलांच्या शिष्टमंडळात त्या होत्या. 1937 मध्ये त्या वारल्या, स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी.

बी अम्मांचं, म्हणजे अली बंधूंच्या आईचं, खरं नाव आबादी बानो बेगम. तरुणपणी वैधव्य आलं. दागिने गहाण ठेवून मुलांना इंग्रजी शिक्षण दिलं, आणि मुलं नजरकैदेत असताना म्हातारपणी स्वतः सभांमधून बोलल्या. 1924 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्या प्रसिद्ध आहेत हे खरं, पण तरीही 'अम्मा' म्हणूनच. आमच्या स्टाफरूममध्ये विचारून बघितलं, खरं नाव एकालाच सांगता आलं.

असफ अली नगरच्या किल्ल्यात होते, तेव्हा बाहेर त्यांच्या पत्नी अरुणा असफ अली भूमिगत होत्या. 9 ऑगस्टला गवालिया टँकवर झेंडा फडकवणाऱ्या त्याच. सरकारने त्यांच्यावर 5000 रुपयांचं इनाम लावलं, मालमत्ता जप्त केली. 1946 मध्ये वॉरंट मागे घेतल्यावरच त्या उघडपणे बाहेर आल्या. नवरा आत, बायको फरार. यातलं जास्त धोक्याचं काय, ते वाचकांनीच ठरवावं.

फातिमा शेख : कमी बोला, पण खरं बोला

फातिमा शेख यांच्याबद्दल आपल्या समाजात अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण 2025 च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर वाद पेटला, त्या होत्या की नव्हत्या इथपर्यंत गोष्ट गेली. शिक्षक म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. सावित्रीबाई फुले यांनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं. आपण आजारी पडल्याने फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव आहे. हा पुरावा छोटा आहे, पण भक्कम आहे. नायगावला अंथरुणावर पडलेल्या सावित्रीबाईंना शाळेची चिंता वाटते तेव्हा आठवते ती फातिमा, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र काय हवं?

त्यापलीकडे जन्मतारीख, शिक्षण, घराणं यांच्या कथा आपण भाषणात ठोकून देतो. त्या पुराव्याविना सांगितल्या की उद्या कुणीतरी सगळंच खोटं म्हणायला मोकळा होतो. म्हणून विनंती, की 9 जानेवारीच्या कार्यक्रमांत ते पत्र आधी वाचा, बाकी नंतर. आणि मुलांना हेही सांगा की खुद्द सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण आपल्या नगरमध्ये, मिस फॅरार यांच्या संस्थेत घेतलं होतं.

नोंद का राहिली नाही?

एवढं वाचल्यावर आम्हाला काही कारणं दिसली. पहिलं, सरकारने ज्यांना शिक्षा केली त्यांचीच फाईल झाली. घर चालवलं, निरोप पोचवला, तोंड बंद ठेवलं, याची फाईल होत नाही. दुसरं, बाईचं नाव बाहेर घेणं बेअदबी मानलं गेलं. 'अमक्याची अम्मी', 'तमक्याच्या घरातून' असं म्हणायची पद्धत पडली. आदब म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटी विस्मरण झाली. तिसरं, बायकांना लिहिता येऊ दिलं नाही. वाचायला शिकवलं, पण लिहायला नाही, अशी कितीतरी घरं आपल्या आजीच्या पिढीपर्यंत होती. आमच्या नानी कुरआन फर्राटेदार वाचायच्या, पण निकाहनाम्यावर त्यांचा अंगठा आहे.

ही पद्धत आपल्या दीनमधून आली असं कुणी म्हणू नये. उहुदच्या मैदानात लढलेल्या उम्मे अमारा, म्हणजे नुसैबा (रजि.), यांचं नाव चौदाशे वर्षांनीही आपल्याला ठाऊक आहे, कारण लिहिणाऱ्यांनी ते लिहिलं.

आपण काय करू शकतो

सरकारनेही एक पाऊल उचललं आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा नियम महाराष्ट्रात झाला. पण मागच्या पिढ्यांचं काम आपल्यालाच करावं लागेल. आम्ही वर्गात करून बघितलेल्या काही गोष्टी अशा :

1. दादी, नानी, आज्जी हयात असेल तर तिचं स्वतःचं, तिच्या आईचं आणि सासूचं पूर्ण नाव विचारा. मोबाईलवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा.

2. निकाहनामा, जुनं रेशनकार्ड, सातबारा, शाळेचं जनरल रजिस्टर, कब्रस्तानची नोंदवही बघा. एका कागदावर नाव नसलं तर दुसऱ्यावर सापडतं.

3. "तू काय केलंस?" असं विचारलं तर बाई म्हणते, "मैं क्या करती, घर में थी." त्याऐवजी विचारा, "बहात्तरच्या दुष्काळात चूल कशी पेटवली?" "दादा बाहेर होते तेव्हा घर कुणी चालवलं?" मग बघा.

4. ऐकलेलं आणि कागदावर सापडलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. फातिमा शेख यांच्या वादातून घ्यायचा धडा हाच.

5. शजरा असेल तर त्यात बायकांची नावं भरा. नसेल तर नवा काढा.

आमच्या वर्गातल्या 41 मुलांपैकी 34 जणांनी पणजीचं नाव शोधून आणलं. उरलेल्या सात जणांच्या घरी ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. दहा वर्षांनी हाच प्रश्न विचारला तर सातचे किती होतील, याची आम्हाला धास्ती वाटते.

आमच्या शजऱ्यात आम्ही पेन्सिलीने पाच नावं भरली आहेत. दोन पिढ्यांच्या जागा अजून कोऱ्या आहेत. मालेगावला आमची एक फुफी आहेत, वय नव्वदच्या पुढे. येत्या ईदला त्यांच्याकडे जाणार आहोत. तुमच्याही घरात अशी एखादी फुफी, खाला, नानी असेल. ईदची वाट बघू नका, आज संध्याकाळीच फोन लावा.